काठेबाईंचा पाणघोडा

काठेबाई पहिल्यांदा आमच्या कचेरीत आल्या तेव्हा खुर्चीत बसण्याआधी त्यांनी माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि त्याला जीभ लावली.

मी त्या वेळी नाशिकच्या एका दैनिकाची रविवार पुरवणी पाहत होतो. पेपरवेट म्हणजे माझ्या आधीच्या उपसंपादकाने कुठूनसा आणून ठेवलेला पांढुरका, गुळगुळीत दगड होता. बाईंनी तो रुमालाने पुसून जागेवर ठेवला, "दगडच आहे," असं मला धीर द्यावा तसं सांगितलं, आणि मग बसल्या. नाव सांगितलं, डॉक्टर शकुंतला काठे. कॉलेजात भूशास्त्र शिकवत होत्या, त्यातही त्यांचा विषय पुराजीवशास्त्र, म्हणजे जीवाश्मांचा अभ्यास. मी अजून पेपरवेटकडेच बघतोय हे पाहून त्यांनी खुलासा केला. हाडाचा दगड झाला तरी त्यात बारीक भोकं राहतात, ती ओल ओढून घेतात, म्हणून जुनं हाड जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. मग पिशवीतून त्यांनी पुरवणीसाठी लिहिलेला लेख काढला. शीर्षक होतं, 'नाशिकमध्ये डायनोसॉर नाही'.

ही नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. डायनोसॉरचा तो सिनेमा हिंदीत येऊन गेला होता आणि पोरांच्या वह्यांपासून गणपतीच्या आराशीपर्यंत सगळीकडे डायनोसॉर होते. आमच्या संपादकांनाही डायनोसॉर हवाच होता, पण असलेला. नसलेल्या डायनोसॉरवर दीड हजार शब्द कोण वाचणार, असं त्यांचं म्हणणं होतं. लेख मी ठेवून घेतला. दोन आठवड्यांनी ऐन वेळी एक जाहिरात रद्द झाली, अर्धं पान मोकळं पडलं, आणि लेख छापून आला.

लेखात बाईंनी शांतपणे सांगितलं होतं की आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण आहे, म्हणजे थिजलेला लाव्हा. लाव्ह्यात कोणी सापडत नाही. त्याच्या खाली कोणी असेलही, पण ते कित्येकशे मीटर खोल. 'कोणी खणणार असल्यास मी पाहायला येईन,' असं शेवटचं वाक्य होतं.

पुढच्या आठवड्यात पत्रांचा गठ्ठा आला. निम्मी पत्रं रागावलेली होती. पंचवटीतल्या एका गृहस्थांच्या विहिरीत डायनोसॉरचा जबडा होता, सातपूरच्या एकांकडे अंडं होतं. बाईंनी सगळी पत्रं मागून घेतली आणि पुढचे दोन महिने आपल्या लुनावरून त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आल्या. मला नंतर त्यांनी वही दाखवली. एका बाजूला नाव-पत्ता, दुसऱ्या बाजूला निकाल. दगड. दगड. म्हशीचं हाड, ताजं. दगड. सिमेंट. अंड्यापुढे लिहिलं होतं, 'वरवंटा, जुना, चांगला'.

तिथून त्यांचं सदर सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी, 'पायाखाली' या नावाने. प्रत्येक लेखाच्या शेवटी त्या एक चौकट टाकायच्या, 'याविषयी मला माहीत नसलेले'. त्यात चार-पाच मुद्दे असायचे. संपादक ती चौकट कापायला सांगायचे. तज्ज्ञ माणसाने असं लिहिलं तर पेपरची पत जाते, असं त्यांना वाटे. बाईंना हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की मग वरचा लेख कापा, चौकट राहू द्या, ती जास्त खरी आहे. शेवटी दोन्ही राहिले.

दिसायला बाई उंच, काटकुळ्या, सुती पातळ खोचून नेसलेल्या. पायात कॅनव्हासचे बूट. गळ्यात काळ्या गोफात भिंग अडकवलेलं असायचं. लांबून ते मंगळसूत्र वाटे, आणि एकटीने खेडोपाडी हिंडताना तेवढं बरं पडतं असं त्यांनी एकदा सहज सांगितलं. लग्न केलं नव्हतं. त्याविषयी त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

माहेर म्हणा, घर म्हणा, मखमलाबादला. घरची भाजीची आणि गुलाबाची शेती. भाऊ रामदास पहाटे मार्केटला माल घालून परतताना कधी कधी आमच्या कचेरीत बाईंचा लेख आणून द्यायचा. कागदाला कोथिंबिरीचा वास असायचा. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "आमची आक्का लय शिकली. पण वडील म्हनायचे, दगडंच येचायचे होते तर वावरात काय कमी व्हते?" हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्याला दगड वेचण्यात काही गैर वाटत नव्हतं. फक्त ते इतक्या लांब जाऊन का वेचायचे, एवढंच त्याला कळलेलं नव्हतं.

त्र्यंबकेश्वरची एक गोष्ट सांगतो. तिथे पूजासाहित्य विकणाऱ्या एका दुकानदाराने बाईंचं सदर वाचून त्यांना बोलावलं. त्याच्याकडे शाळिग्राम होते आणि त्यातले काही खोटे आहेत अशी त्याला शंका होती. मी गंमत बघायला गेलो. नास्तिक प्राध्यापिका आणि दुकानदार यांची जुंपणार असा माझा अंदाज होता. तसं काही झालं नाही. बाईंनी ओटीवर बसून एकेक शाळिग्राम भिंगाखाली धरला आणि दोन ढीग केले. डावीकडे कोरलेले, उजवीकडे खरे. मग उजवीकडचा एक हातात घेऊन त्यावरचं चक्र दाखवत म्हणाल्या की हा समुद्रातला प्राणी, हे त्याचं शंखासारखं घर. जिथून हा आला तिथे आता हिमालय आहे, तेव्हा समुद्र होता.

दुकानदाराने तो शाळिग्राम हातात घेऊन फिरवून पाहिला. मग त्याने विचारलं, "म्हणजे हा खरंच समुद्रातून निघाला?"

"हो."

"आणि डोंगरावर गेला?"

"डोंगरच त्याला घेऊन वर गेला."

"मग देव नाही असं कसं म्हणता येईल," दुकानदार म्हणाला. बाई म्हणाल्या, "मी तसं म्हटलंच नाही. मी हे कोरलेले वेगळे काढा म्हटलं." त्याने ते खरोखर वेगळे काढले. जाताना त्याने बाईंच्या हातावर पेढा ठेवला. बाईंनी तो तिथेच खाल्ला आणि पुढच्या लेखाच्या चौकटीत लिहिलं, 'या प्राण्याला किती हात होते, हे मला नक्की माहीत नाही'.

आता पाणघोडा.

सायखेड्याच्या पुढे गोदावरीच्या काठाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तशी गावानेच मला नंतर विनंती केली. एका उन्हाळ्यात नदीचं पाणी खूप खाली गेलं होतं. काठावरच्या दरडीत, वाळू-गोट्यांच्या घट्ट थरात, एका शेतकऱ्याला शिंगासारखं वाकडं काहीतरी दिसलं. गावच्या शाळेतल्या निकम गुरुजींना त्याने दाखवलं. गुरुजी आमची पुरवणी वाचणारे. त्यांनी सुटलेला तुकडा टॉवेलमध्ये गुंडाळला, एसटीने नाशिकला आले आणि थेट माझ्या टेबलावर ठेवला. मी बाईंना फोन केला. बाई आल्या, जीभ लावली, आणि या वेळी ती पटकन सुटली नाही. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून घोट घेतला आणि गुरुजींना विचारलं, "पुढची एसटी किती वाजता?"

आठ दिवस त्या गुरुजींच्या घरी मुक्कामाला होत्या. मी दोनदा जाऊन आलो. काळ्या लाव्ह्यात काही मिळत नसलं तरी नदीने नंतर आणून टाकलेल्या गाळात जुनी जनावरं सापडतात, हे त्या वर्षानुवर्षं वर्गात शिकवत होत्या. स्वतःच्या हाताला मात्र त्यांना तोवर किरकोळ तुकड्यांपलीकडे काही लागलं नव्हतं. दात घासायच्या ब्रशने आणि दाभणाने त्या माती काढत होत्या. उरलेला भाग जागेवरून हलवताना फुटू नये म्हणून त्यांनी त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. नाशिकच्या हाडांच्या डॉक्टरांकडे असतात तसल्या. काठावर बसलेल्या म्हाताऱ्यांत चर्चा झाली. एकाने ठरवून टाकलं की हाड मोडलंय, आता सव्वा महिना तरी लागेल.

बाईंनी निकाल दिला, पाणघोडा. म्हणजे आफ्रिकेत असतो तो, त्याचा जुना भाऊबंद, आणि हा त्याचा सुळा. असले पाणघोडे एके काळी आपल्या नद्यांत होते. दोन्ही भाग जोडून हाती लागलेला सुळा बराच झिजलेला, तुटका होता, पण बाक तसाच होता. मी सदर मोठं लावलं, पहिल्या पानावर चौकट दिली. बाईंनी अभ्यासकांच्या एका नियतकालिकात रीतसर टिपण लिहिलं, तेही छापून आलं.

गाव बदलून गेलं. आजूबाजूच्या गावांकडे यात्रा होत्या, साखर कारखान्याचा संचालक होता, एका गावाकडे तर कुस्तीतला नावाजलेला मल्ल होता. या गावाकडे काहीच नव्हतं. आता पाणघोडा होता. एसटीच्या थांब्यावर बोर्ड लागला, 'पाणघोड्याच्या गावात आपले स्वागत असो'. ज्या पेंटरने चित्र काढलं त्याने पाणघोडा पाहिलेला नव्हता. त्याने डुक्कर आणि रेडा या दोन ओळखीच्या गोष्टींच्या मध्ये काहीतरी गाठलं होतं. पोरांच्या क्रिकेट संघाचं नाव 'पाणघोडा इलेव्हन' झालं, बनियनवर छापून घेतलं. तालुक्याच्या बैठकीत आपल्या माणसाला बसायला पुढची खुर्ची मिळते असं माजी सरपंच भाऊसाहेब मला म्हणाले. हे खरं होतं की नाही माहीत नाही, पण ते ताठ बसू लागले होते एवढं मी पाहिलं. बाई गावात गेल्या की कुठल्याही घरातून चहा येई, आणि तो नको म्हणायची सोय नव्हती. एका दिवशी त्या नऊ कप प्यायल्या. मी मोजले.

सुळा कॉलेजच्या कपाटात होता. दोन वर्षं गेली. एका पावसाळ्यानंतर बाईंनी मला कॉलेजात बोलावलं. फोनवर फक्त "या" म्हणाल्या. मी गेलो तर टेबलावर जुन्या पेपरवर सुळा ठेवलेला होता, दोन तुकडे झालेला. दमट हवेत तो तडकला होता. बाईंनी गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं, तुटलेली कड खिडकीच्या उजेडात धरली आणि काय दिसतं ते विचारलं.

मी बघितलं. बारीक रेषा होत्या, एकमेकींना छेद देत गेलेल्या. मी म्हटलं, चटईच्या विणीसारखं काहीतरी दिसतंय.

"पाणघोड्याच्या दाताला अशी वीण नसते," बाई म्हणाल्या. "ही हत्तीची. लहान हत्तीचा सुळा आहे. मी चुकले."

मी म्हटलं, हत्ती म्हणजे काही वाईट नाही. बाई म्हणाल्या, वाईट काहीच नाही, पण पाणघोडा नाही. जुनी तुटलेली कड झिजून मातीने बुजली होती, आतलं त्या वेळी दिसत नव्हतं हे खरं. पण एक बारीक काप घेऊन बघता आलं असतं. तो घेतला नाही, कारण सुळ्याला धक्का लावायचा नव्हता. सुळा पेपरवर ठेवत म्हणाल्या, "तसंही नाही. मला पाणघोडा हवा होता." हे त्यांनी तापमान सांगावं तसं सांगितलं. मग त्या खिडकीशी गेल्या. मैदानावर मुलं एनसीसीची परेड करत होती.

अडचण अशी होती की त्याच सुमाराला विज्ञानप्रसारासाठी दिला जाणारा राज्य पातळीवरचा एक पुरस्कार बाईंना जाहीर झाला होता. समारंभ पुढच्या महिन्यात मुंबईत होता आणि मानपत्राचा मसुदा आला होता, त्यात दुसऱ्याच ओळीत पाणघोडा. बाईंनी त्याच आठवड्यात नियतकालिकाला पत्र टाकलं, आणि मला दुरुस्तीचा लेख आणून दिला. शीर्षक, 'मी पाणघोडा म्हणाले तो हत्ती होता'. अट एकच. पहिल्या वेळेला जितकी जागा दिली तितकीच द्या, त्याच पानावर, तेवढ्याच टायपात.

संपादकांनी लेख वाचला आणि कपाळाला हात लावला. बाईंना बोलावून चहा दिला, समजावलं. दोन वर्षं झाली, कोणी विचारत नाही. निदान समारंभ होऊन जाऊ द्या, मग सावकाश छापू. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी कप बशीत ठेवला.

"आज छापलं तर ती चूक आहे," त्या म्हणाल्या. "पुरस्कार घेऊन छापलं तर लबाडी होईल."

संपादकांनी लेख खणात टाकला. ते वाईट गृहस्थ नव्हते. पेपरमध्ये काम करून करून त्यांना असं वाटू लागलं होतं की छापून गेलेली गोष्ट खरी होत जाते.

बाईंना मात्र आधी दुसरं काम करायचं होतं. गावाला हे पेपरातून कळायला नको, त्यांच्या दारात जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला बरोबर चला म्हणाल्या नाहीत. फक्त एसटीची वेळ सांगितली. मी गेलो.

चावडीसमोर पंचवीस-तीस माणसं जमली. बाई इतक्या दिवसांनी आल्या म्हणजे आणखी काही सापडलं असणार, अशी सगळ्यांची समजूत. बाईंनी पिशवीतून सुळ्याचे दोन्ही तुकडे काढून सतरंजीवर ठेवले, भिंग फिरवलं, आणि सरळ सांगितलं. मी तुम्हाला पाणघोडा सांगितला. तो हत्ती आहे. चूक माझी आहे, गुरुजींची नाही, पेपरची नाही.

तुकडे वाकून पाहत भाऊसाहेब म्हणाले, "हत्ती तर काय, समद्यांकडं हाय. निफाडाला लग्नात आला व्हता."

मागून कोणीतरी विचारलं की मग बोर्डाचं काय. बाई म्हणाल्या, बोर्ड चुकीचा आहे. भाऊसाहेबांनी खाली बघत टोपी सारखी केली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, एक करू. तुमी बी गप बसा, आमी बी गप बसतो. हाड काय बोलनार हाय?"

"हाडच बोललं, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "पहिल्या वेळी मी नीट ऐकलं नव्हतं."

एक म्हातारी कडेला बसून हे ऐकत होती. तिने विचारलं, "आता ह्ये पुन्ना बदलनार नाय ना, बाई?"

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. तिथे एक 'नाही' म्हटलं असतं तर निम्मं काम झालं असतं. बाई म्हणाल्या, "बदलू शकतं. आज तरी हत्ती आहे."

माणसं एकेक करून उठली. निकम गुरुजी तेवढे आमच्याबरोबर वेशीपर्यंत आले. पुढे फाट्यापर्यंत दोन मैल आम्ही चालत गेलो. अर्ध्या वाटेवर बाई म्हणाल्या, "चहा दिला नाही."

मी म्हटलं, "हो."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. पुढे चालताना त्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला. धूळ होती रस्त्याला, पण इतकी नव्हती.

पुढच्या शनिवारी आमचे संपादक भाच्याच्या लग्नाला नांदगावला गेले. मी त्यांच्या खणातून लेख काढला आणि लावला. त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, त्याच टायपात. सोमवारी मला मेमो मिळाला. तो अजून माझ्याकडे आहे. माझ्या नोकरीतला तेवढा एकच कागद मी जपून ठेवला आहे.

पुरस्काराच्या लोकांचं पत्र आलं की प्रस्तावाचा फेरविचार चालू आहे. तो विचार पुढे कोणी केला नसावा. बाईंनी पत्र फाइलला लावलं आणि सदराचा पुढचा लेख पाठवला, गोदावरी-कपिलेच्या संगमाजवळच्या गोट्यांवर. वाचकांची पत्रं मात्र या वेळी पूर्वीच्या दुप्पट आली. त्यातली बरीचशी शिक्षकांची होती. एकाने लिहिलं होतं की वीस वर्षं शिकवतोय, मुलांसमोर चुकलो म्हणायची हिंमत काल पहिल्यांदा झाली, भूगोलाच्या तासाला. बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "त्यांचं काय चुकलं होतं ते लिहिलं नाही का?"

गावाने तीन वर्षं बाईंचं नाव काढलं नाही. बोर्ड नवा करायला पंचायतीकडे पैसे नव्हते, म्हणून त्याच पेंटरला बोलावून पाणघोड्याला सोंड काढून घेतली. ते जनावर मी पाहिलं आहे. तसं काही नदीकाठी कधी राहत असेल असं वाटत नाही. संघाचं नाव पाणघोडा इलेव्हनच राहिलं, कारण बनियन चांगल्या स्थितीत होते.

पण निकम गुरुजींनी वेगळंच आरंभलं होतं. त्यांनी दुरुस्तीचा लेख पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात लावला आणि दर वर्षी तो धडा म्हणून घ्यायला सुरुवात केली. मुलं मोडक्या वस्तूंच्या कडा भिंगाखाली बघू लागली. फुटकी कौलं, तुटके दात, खापरं. त्याबरोबर जीभ लावायची परीक्षाही शाळेत पसरली. पोटदुखीचं प्रमाण वाढल्यावर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी गुरुजींना लेखी कळवलं की विद्यार्थ्यांनी दगड चाटण्याचे थांबवावे. गुरुजींनी त्या पत्राची प्रत बाईंना पाठवली, सोबत पोस्टकार्ड, 'एकदा येऊन आपणच काय ते सांगावे'.

बाई गेल्या. दगड आधी धुऊन घ्या असं सांगितलं. परत येताना त्यांच्या पिशवीत भाऊसाहेबांच्या घरची वांगी होती. चहा किती झाले हे मी विचारलं नाही.

पुढे दोन हजार सालानंतर भूशास्त्राला मुलं येईनाशी झाली. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. कॉलेजने विभाग बंद करायचं ठरवलं आणि त्या खोलीत यंत्रं लावायची म्हणून कपाटं रिकामी करायला सांगितलं. मोजके चांगले नमुने पुण्याच्या एका संस्थेने नेले. बाकीचे बाईंनी रामदासच्या टेम्पोतून गावोगावच्या शाळांना पोचवले. कोबीच्या करंड्यांत, खाली पाला घालून. रामदास मला म्हणाला, आजवर या टेम्पोतून लोकांनी माल उतरवून घेतला, पावती मागितली. दगड देऊन वर आपणच सही मागणारं गिऱ्हाईक पहिलंच.

हत्तीचा सुळा गावाच्या शाळेत गेला. गुरुजींनी काचेची पेटी करून घेतली. आत बाईंच्या अक्षरातलं कार्ड आहे. पहिली ओळ, 'पाणघोडा – श. काठे', त्यावर काट मारलेली, पण वाचता येईल अशी. दुसरी ओळ, 'हत्ती (लहान) – श. काठे'. त्याखाली तीन ओळी रेघा मारून रिकाम्या ठेवल्या आहेत, आणि तळाशी लिहिलं आहे, 'कोणास वेगळे दिसल्यास येथे नावासह लिहावे'.

बाई गेल्या तेव्हा मी नाशिकात नव्हतो. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही नवरा-बायको महिनाभर बाहेर होतो. परतल्यावर रामदासकडून कळलं. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, म्हणाला. त्यामुळे माझ्या लेखी बाईंचं शेवटचं दर्शन त्याच्या चार-पाच महिने आधीचं आहे, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

मी एसटीने मुंबईला निघालो होतो. महामार्ग रुंद करायचं काम चालू होतं. घोटीच्या अलीकडे गाडी थांबली ती हलेचना. पुढे ट्रक, मागे ट्रक, हॉर्न. एका बाजूने डोंगराची कड कापत होते आणि ते काम पुरं झाल्याशिवाय वाहनं सोडत नव्हते, असं कोणी सांगितलं. पण कामाचा आवाज तर येत नव्हता. पाऊण तास झाला. लोक सरकारवर बोलू लागले. कंडक्टर उतरून बघायला गेला आणि दहा मिनिटांनी हसत परत आला.

"जेसीबी बंद करून ठेवलाय," तो ड्रायव्हरला म्हणाला. "कोनी म्हातारी बाई हे. त्या जेसीबीवाल्याला शिकवून राहिली."

मी खिडकीतून अंग बाहेर काढून बघितलं. वळणावर ताजा कापलेला काळा कडा दिसत होता, आणि त्याच्या मध्यावर, खालच्या आणि वरच्या पाषाणाच्या मध्ये, हातभर रुंद लाल पट्टी. आडवी, सरळ. कड्याच्या पायथ्याशी कॅनव्हासचे बूट घातलेली ती उंच आकृती उभी होती, पदर खोचलेला. शेजारी पिवळं हेल्मेट घातलेला तरुण ड्रायव्हर दोन्ही हात कमरेवर ठेवून वर बघत होता. त्याच्या मागे पाच-सहा मजूर आणि दोन ट्रकवाले.

"काय शिकवते?" आमच्या ड्रायव्हरने विचारलं.

"ते खालचं एकदा आलं, लाव्हा. मंग वरचं आलं. मधी लय वर्षं काहीच आलं नाय. तवर खालच्याची माती झाली, गवत उगवलं, झाडं आली." कंडक्टरने आठवून आठवून सांगितलं, आणि मग तिकिटांची पेटी मांडीवर घेत म्हणाला, "ती लाल पट्टी म्हनजे मधली सुट्टी, म्हने."

माझ्या शेजारचे गृहस्थ, जे इतका वेळ सरकारवर बोलत होते, माझ्या खांद्यावरून वाकून कड्याकडे बघू लागले. तिकडे जेसीबीवाला चार पावलं पुढे गेला, हात उंच करून त्याने लाल पट्टीची चिमूटभर माती काढली आणि बोटांत चोळली. बाई त्याला काहीतरी म्हणाल्या. त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं, आणि सगळी माणसं तशीच उभी राहिली.

मग ट्रक हलले. आमची गाडी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा बाईंची पाठ माझ्याकडे होती.